‘बसत नाही’ म्हणून परत येणारा माल

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्या बाबांचं बोटींच्या इंजिनांच्या सुट्या भागांचं जुनं दुकान आहे. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावायच्या) आणि छोट्या इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) इंजिनांचे इंपेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक), फिल्टर, सील, गॅस्केट, अॅनोड (इंजिनाचा धातू वाचवायला आधी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा), पंखे (प्रोपेलर) असा माल असतो. मी नोकरी सोडून दुकानात आले आणि ऑनलाइन विक्री सुरू केली. उत्साहाच्या भरात गोदामातला होता नव्हता तो सगळा माल साइटवर चढवला. ऑर्डर येतात, पण त्यातला मोठा हिस्सा ‘बसत नाही’ म्हणून परत येतो. जायचं कुरिअर आमच्या खिशातून, यायचंही आमच्याच. बाबा म्हणतात, पार्ट हातात घेऊन दाखवल्याशिवाय विकायचाच नसतो. धाकट्या भावाचं म्हणणं, आपण महाग पडतो. डुप्लिकेट माल ठेवू, आणि गाड्यांचे स्टार्टर-अल्टरनेटर दिसायला तसेच असतात, तेही स्वस्तात लावू. घरात रोज वाद होतात. हे ऑनलाइन प्रकरण बंद करून टाकू का?

उत्तर : नमस्कार. बंद करू नका. मात्र आहे तसं चालूही ठेवू नका.

बाबांच्या म्हणण्यात तुमच्या अडचणीचं कारण सापडतं. काउंटरवर गिऱ्हाईक येतं तेव्हा काय होतं ते एकदा बाजूला उभं राहून नीट बघा. माणूस म्हणतो, ‘४० हॉर्सपॉवरचा इंपेलर द्या.’ बाबा लगेच डबा काढत नाहीत. टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, सिलिंडर किती, मॉडेल कुठलं, प्लेटवरचा नंबर आणलाय का, जुना आणलाय का, हे सगळं विचारतात. एकाच कंपनीच्या ४० हॉर्सपॉवरमध्ये दोन सिलिंडरचं इंजिन असतं, तीन सिलिंडरचं असतं, टू-स्ट्रोक असतं, फोर-स्ट्रोक असतं, आणि प्रत्येकाचा पाण्याचा पंप वेगळा असू शकतो. बाबांना ते पाठ आहे. तुमच्या साइटला ते ठाऊक नाही. तिथे बहुधा एक फोटो, ‘इंपेलर ४० एचपी’ असं नाव आणि किंमत एवढंच असणार. गिऱ्हाइकाने मग अंदाजाने बटण दाबलं, तर त्याला दोष देता येणार नाही. जे प्रश्न काउंटरवर विचारले जातात ते साइटवर विचारलेच जात नाहीत, म्हणून माल परत येतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे साइटवरचा बराचसा माल खाली उतरवणं. मन घट्ट करून करा. जो माल बाबांच्या हातून सतत जातो आणि ज्याची त्यांना पुरती माहिती आहे, तेवढाच ठेवा. बाकीचा एकेक करून, माहिती पूर्ण झाली की पुन्हा चढवा. सुरुवातीला दुकान रिकामं दिसेल. दिसू दे.

दुसरं, हॉर्सपॉवरवरून माल विकणं सोडा आणि पार्ट नंबरवरून विका. नंबर वाचायला शिकलात की निम्मं काम सोपं होतं. यामाहाच्या आउटबोर्डचं उदाहरण घ्या. त्यांच्या नंबरात सुरुवातीची तीन अक्षरं-आकडे तो पार्ट मुळात कुठल्या इंजिनासाठी तयार झाला ते सांगतात, मधले पाच आकडे पार्टचा प्रकार सांगतात, आणि शेवटचे आकडे नंतर झालेला बदल दाखवतात. मध्ये ४४३५२ दिसलं की तो पाण्याच्या पंपाचा इंपेलर, मग सुरुवातीची तीन अक्षरं कुठलीही असोत. पण इथेच नवखा माणूस फसतो. पहिली तीन अक्षरं आपल्या इंजिनाची नाहीत म्हणून पार्ट आपला नाही, असं होत नाही. कंपनी तोच पार्ट पुढे दुसऱ्या इंजिनांतही वापरते आणि नंबर जुनाच राहतो. म्हणून प्रत्येक पार्टच्या पानावर तो कुठल्या कुठल्या मॉडेलला आणि कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत चालतो, याची यादी कंपनीच्या पार्ट्स कॅटलॉगमधून काढून लिहावी लागेल. कंटाळवाणं काम आहे, पण तुमच्या दुकानाची खरी मालमत्ता हीच यादी असेल. फोटो आणि किंमत कोणीही टाकतं.

कंपन्या नंबर बदलतात, तेही लक्षात घ्या. जुना नंबर रद्द होऊन नवा येतो आणि गिऱ्हाइकाच्या हातातल्या डब्यावर जुनाच असतो. तो त्याने शोधात टाकला आणि तुमच्याकडे फक्त नवा असला, तर माल शेल्फवर असूनही तुमचं दुकान त्याला सापडणार नाही. दोन्ही नंबर पानावर लिहा. आणि हाऊसिंगवर किंवा मॅनिफोल्डवर ओतकामात उमटलेला नंबर बऱ्याचदा पार्ट नंबर नसतोच, तो साच्याचा असतो. गिऱ्हाईक तोच वाचून पाठवतं. त्यावरून माल पाठवू नका, इंजिनाची प्लेट मागा.

ही प्लेट मागणं ऑर्डरच्या फॉर्ममध्येच सक्तीचं करा. मॉडेल आणि सिरियल नंबर भरल्याशिवाय ऑर्डर पुढे जाऊ नये, आणि प्लेटचा फोटो जोडायची सोय असावी. कुठे बघायचं तेही सांगा : आउटबोर्डवर ही प्लेट बहुतेक वेळा बोटीला इंजिन जखडणाऱ्या ब्रॅकेटवर असते. जुन्या इंजिनाचं ब्रॅकेट कधीकाळी बदललेलं असलं तर प्लेट एका इंजिनाची आणि वरचं इंजिन दुसरंच, असंही निघतं. काही कंपन्या इंजिनाच्या ब्लॉकवरही नंबर ठोकतात. शंका आली तर तो विचारा. यामुळे थोड्या ऑर्डर गळतील. ज्या गळतील त्यांतल्या बऱ्याच पुढे परतच येणार होत्या.

आता एक पान नीट कसं करायचं ते इंपेलरवरच दाखवते, कारण तुमच्याकडे सर्वांत जास्त परत येणारा पार्ट तोच असणार असा माझा अंदाज आहे. फोटो तीन हवेत : समोरून, बाजूने आणि मधल्या भोकाचा जवळून. शेजारी मोजपट्टी ठेवा. व्हर्निअरने बाहेरचा व्यास, रुंदी आणि शाफ्टच्या भोकाचा व्यास मोजून मिलिमीटरमध्ये लिहा. पाती किती ते लिहा. शाफ्टवर तो कशाने अडकतो ते लिहा : ‘की’ (खाचेत बसणारा धातूचा छोटा तुकडा), पिन, सपाट बाजू किंवा स्प्लाइन (भोकाच्या आतले दाते), आणि स्प्लाइन असेल तर दाते किती. व्यास तोच, पाती तेवढीच आणि आत स्प्लाइनऐवजी ‘की’, एवढ्या फरकाने पार्ट परत येतो. रबर कुठलं तेही हवं. इंजिन थंड ठेवायच्या पंपाला सहसा निओप्रीन लागतं. जिथे डिझेल किंवा तेल ओढायचं तिथे नायट्राइल, कारण तेलाने निओप्रीन फुगतं.

मग ‘सोबत घ्या’ म्हणून एक ओळ. गॅस्केट आणि ओ-रिंग जुनीच वापरली तर नवा इंपेलर घालूनही पंप हवा ओढत राहू शकतो, आणि ‘की’ही नवीच घातलेली बरी. सगळं एका किटमध्ये द्या. आणि बाबा काउंटरवर जे तोंडी सांगतात ते खाली लिहा : जुन्या इंपेलरची पाती तुटलेली असतील तर तुटलेले तुकडे आधी शोधून काढा, ते थर्मोस्टॅटकडे किंवा कूलरच्या तोंडाशी जाऊन अडकलेले असतात, नवा इंपेलर घातल्यावरही इंजिन तापत असेल तर बहुधा त्यामुळेच. बसवताना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा, साधं ग्रीस लावू नका. पाण्याशिवाय इंजिन चालवू नका, कोरडा इंपेलर बघता बघता जळतो. ही चार वाक्यं वाचलेलं गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसरीकडे जाणार नाही, कारण त्याची बोट मधेच बंद पडण्यापासून तुम्ही वाचवलेली असते.

गोदामात जुना रबरी माल असेल तर तोही याच निमित्ताने चाळा. रबर शेल्फवरही म्हातारं होतं. रबरी मालाच्या साठवणीचा जो आंतरराष्ट्रीय मापदंड आहे, आयएसओ २२३०, त्यात नैसर्गिक रबराला ५ वर्षं, नायट्राइल आणि निओप्रीनला ७, तर व्हायटॉन जातीच्या रबराला १० वर्षं अशी सुरुवातीची मुदत धरली आहे, तीही अंधारात, थंड जागी, हवाबंद पाकिटात. ऊन आणि ओझोन ही रबराची दोन मोठी दुखणी. विजेची मोटर चालते त्या खोलीत सील ठेवू नयेत म्हणतात ते ओझोनमुळेच. खिळ्याला टांगलेले बेल्टही उतरवून सपाट ठेवा. जो इंपेलर दाबून सोडल्यावर पात्यांच्या बुडाशी बारीक भेगा दाखवतो, तो विकू नका.

बाकीच्या मालालाही असेच एक-दोन कळीचे प्रश्न असतात. ते बाबांकडून काढून घ्या. पंखा मागणाऱ्याला विचारायचं, आताच्या पंख्यावर व्यास आणि पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) काय कोरलंय, आणि पूर्ण थ्रॉटलला इंजिन किती फेरे घेतं. पिच एक इंच वाढवलं की ढोबळमानाने १५० ते २०० फेरे उतरतात. इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेत फेरे बसले पाहिजेत. खाली राहिले तर इंजिनावर ताण येतो, वर गेले तर ते धापा टाकत पळतं. अॅनोड मागणाऱ्याला विचारायचं, बोट कुठल्या पाण्यात असते. समुद्रात झिंक चालतं, अॅल्युमिनियम समुद्रात आणि खाडीच्या मचूळ पाण्यातही चालतं, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम. हेच मॅग्नेशियम समुद्राच्या पाण्यात झपाट्याने संपतं, आणि झिंक गोड्या पाण्यात थर धरून गप्प बसतं. झिजत नाही, म्हणून गिऱ्हाइकाला वाटतं अॅनोड उत्तम आहे, आणि तिकडे गिअरकेस (गिअरची धातूची पेटी) खाल्ली जात असते.

पाण्याच्या नळ्यांच्या फिटिंगबद्दल तर पानावर ठळक अक्षरांत लिहा. आटे दोन पद्धतींचे येतात, बीएसपी आणि एनपीटी. एकाच्या आट्याचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. अर्धा इंच आणि पाऊण इंच या मापांत मात्र दोन्हींना इंचाला १४च आटे असतात. त्यामुळे एकाचं फिटिंग दुसऱ्यात दोन-तीन फेरे छान फिरतं, बसल्यासारखं वाटतं, आणि मग गळतं. ते पाण्याच्या रेषेखालचं असेल तर बोट बुडवू शकतं. तिथेच धातूही विचारा. साधं पितळ खाऱ्या पाण्यात आपलं जस्त गमावतं, आतून गुलाबी आणि ठिसूळ होतं आणि एक दिवस हातात तुटून येतं. पाण्याखालच्या व्हॉल्व्हला ब्राँझ किंवा जस्त न सोडणारं खास पितळ द्यायचं.

आता भावाच्या मुद्द्याकडे येते. त्याचे दोन मुद्दे आहेत, आणि दोन्हींना माझं उत्तर वेगळं आहे.

गाड्यांचे स्टार्टर आणि अल्टरनेटर पेट्रोल इंजिनाच्या बोटीसाठी विकायचे नाहीत. यात कुठलीही तडजोड नाही. गाडीचं इंजिन खालून उघडं असतं; पेट्रोलची वाफ सुटली तरी वाऱ्याने निघून जाते. बोटीत इंजिन बंद पेटीत असतं आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती तळाशी साचून राहते. स्टार्टर फिरताना आत ठिणगी पडतेच. मरीन स्टार्टरची बांधणी अशी असते की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू शकत नाही, आणि त्याची चाचणी आयएसओ ८८४६ किंवा एसएई जे११७१ या मापदंडाने झालेली असते. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, बोल्टची भोकंही जुळतात, म्हणूनच धोका मोठा. कार्बुरेटरचंही तसंच : मरीन कार्बुरेटर तुंबला तर पेट्रोल इंजिनाच्या आत ओघळतं, गाडीचा तुंबला तर बाहेर सांडू शकतं. इंधनाचा होज विकताना त्यावर आयएसओ ७८४० छापलंय का बघा. तो आग सोसणारा असतो. भावाला रागावू नका, पण हे त्याला शांतपणे बसवून सांगा. दोन पैसे सुटतात म्हणून विकलेल्या स्टार्टरने बोटीवरची माणसं भाजू शकतात, हे कळल्यावर कुठलाही भला माणूस तो विकणार नाही. तुमच्या भावाला हे कोणी सांगितलेलंच नसावं.

डुप्लिकेटचा मुद्दा मात्र पूर्ण चुकीचा नाही. इंजिन कंपन्या सगळे पार्ट स्वतः बनवत नाहीत. इनबोर्ड डिझेल इंजिनांवरचे पाण्याचे पंप बऱ्याचदा जॅब्स्को, जॉन्सन, शेरवूड अशा पंप बनवणाऱ्यांकडून आलेले असतात. त्याच इंपेलरला इंजिन कंपनीचा एक नंबर असतो आणि पंप कंपनीचा वेगळा, आणि पंप कंपनीच्या डब्यात तो सहसा स्वस्त पडतो. ही तुलना करून दोन्ही नंबर समोरासमोर मांडलेला तक्ता तुमच्या साइटवर असला, तर किमतीची लढाई तुम्ही सरळ मार्गाने लढू शकता. नावाजलेल्या तिसऱ्या कंपनीचा मालही ठेवा. फक्त पानावर बनवणाऱ्याचं नाव स्पष्ट लिहा, आणि कंपनीच्या डब्यातला नसेल त्या मालाला ‘ओरिजिनल’ म्हणू नका. निनावी डब्यातला माल, ज्यामागे कोणी उभं राहायला तयार नाही, तो पाण्याखाली, इंधनाजवळ किंवा स्टीअरिंगमध्ये जाणारा असेल तर घेऊच नका. फिल्टरसारख्या साध्या मालातही सांभाळा. दोन ऑइल फिल्टरांचे आटे जुळले तरी आतल्या बायपास व्हॉल्व्हचा दाब वेगळा असू शकतो. डिझेलच्या फिल्टरला तर २, १० की ३० मायक्रॉन हे विचारल्याशिवाय देऊच नये.

साइट चालू लागली की एखाद्या दिवशी मोठ्या जहाजाकडून चौकशी येईल. त्यांच्या यादीत सहा आकडी इम्पा कोड (जहाजांच्या सामानाचे ठरलेले नंबर) असतील. दोऱ्या, हत्यारं, सफाईचं सामान अशा मालाला जहाजांच्या धंद्यात जगभर तेच कोड वापरतात. असा साधा माल खुशाल द्या. पण इंजिनाचे पार्ट मागितले तर थांबा. १ जानेवारी २०११ पासून सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमाने जहाजांवर अॅस्बेस्टॉस असलेला कुठलाही नवा माल बसवायला बंदी आहे, म्हणून साध्या गॅस्केटसोबतही ‘अॅस्बेस्टॉस नाही’ असा लेखी दाखला मागतात, आणि तो बनवणाऱ्याकडून आलेला असावा लागतो. १३० किलोवॉटच्या वरच्या डिझेल इंजिनांना धुराचे नियम आहेत. इंजेक्टरच्या नॉझलवरची खूणसुद्धा इंजिनाच्या कागदपत्रांशी जुळावी लागते. हे कागद हाताशी नसतील तर नम्रपणे नाही म्हणा. चुकीचा पार्ट गेला तर तो परत यायला जहाज बंदरात थांबत नाही.

परताव्याचे नियम मोजक्या शब्दांत लिहून टाका. पाकीट न फोडलेला माल परत घ्या. विजेचा पार्ट एकदा जोडला की घेऊ नका, कारण बिघाड त्यात होता की बोटीच्या वायरिंगमध्ये, हे नंतर कोणालाच सिद्ध करता येत नाही. गॅस्केट आवळून काढलेलं असेल तर नाही. पण तुमच्या यादीत मॉडेल लिहिलेलं होतं आणि तरी पार्ट बसला नाही, तर दोन्ही बाजूंचं कुरिअर तुमचं, आणि ते हसत द्या. आलेल्या प्रत्येक परताव्यापुढे एका वहीत एकच गोष्ट लिहा : पानावर कुठली माहिती असती तर हा परत आला नसता? आणि त्याच दिवशी ती माहिती पानावर घाला.

पाठवणीबद्दल थोडकंच सांगते. संकटात सोडायचे फ्लेअर, लिथियम बॅटरीची उपकरणं, गॅसच्या नळकांडीवर फुगणारी लाइफजॅकेट, रंग आणि थिनर हा धोकादायक मालाच्या वर्गातला माल आहे. तो साध्या पार्सलमध्ये गुपचूप घालू नका. तुमचा कुरिअरवाला तो वर्ग हाताळत नसेल तर हा माल साइटवर ‘फक्त दुकानातून’ असा ठेवा.

राहिला घरातला वाद. बाबांना साइट बघायला लावू नका, त्यांना त्यात गोडी नाही. संध्याकाळी दुकान शांत असतं तेव्हा एकेक पार्ट त्यांच्या हातात द्या आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू करून विचारा : हा मागायला आला तर तुम्ही काय विचारता? लोक काय चुकतात? सोबत काय देता? ते बोलतील तेच तुमच्या पानावर जाऊ दे, त्यांच्याच शब्दांत, फार घासूनपुसून न घेता. मापं घेणं आणि फोटो तुम्ही करा. भावाला तो नंबरांचा तक्ता द्या. त्याला किमतीची चिंता आहे, आणि बाजारभावावर नजर ठेवणारा माणूस त्या कामाला लागतोच. माल पाठवण्याआधी रोजच्या ऑर्डरी प्लेटच्या फोटोंसकट बाबांसमोर धरा. ज्या ऑर्डरवर ते ‘थांब’ म्हणतील, त्या गिऱ्हाइकाला फोन लावून त्यांच्याच हातात द्या. सुरुवातीला बऱ्याच ऑर्डरींवर म्हणतील. पानं भरत गेली की कमी होत जाईल. तोवर नवीन माल चढवायची घाई करू नका, आणि इंपेलरचं पान या आठवड्यात पूर्ण करा.